अपवादांचं पान

१

वहीचं शेवटचं पान नाहीसं झालंय हे भाच्याच्या लक्षात आलं तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. आत्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही सगळे चहाचे कप हातात घेऊन बसलो होतो. भाच्याने वही उलटी केली, मागून उघडली, पुन्हा सुलटी केली, कोपऱ्यातले आकडे बोटाने तपासले आणि म्हणाला, "चौऱ्याण्णवपर्यंतच आहेत. शेवटचं पान कुणी काढलं?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. कंपाउंडर छताकडे बघायला लागला. शिवणकाम करणाऱ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

आता ही मंडळी कोण ते सांगतो, नाहीतर पुढे गोंधळ व्हायचा. आत्या या तीन मजली इमारतीच्या मालकीण. खरं तर त्या एकाच माणसाच्या आत्या, पण सगळी गल्ली त्यांना आत्या म्हणते. तो एक माणूस म्हणजे हा भाचा, त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाडेकरू तीन: तळमजल्यावर मागच्या खोलीत बाई, पहिल्या मजल्यावर आत्यांच्या शेजारी कंपाउंडर, दुसऱ्या मजल्यावर गणिताचे निवृत्त मास्तर. आणि मी दलाल. समोर मला एजंट म्हणतात, मागे काय म्हणतात ते मी मनावर घेत नाही. इथला प्रत्येक भाडेकरू मी आणलेला. त्यामुळे काही बिनसलं की पहिला फोन मला येतो. सगळं सुरळीत असेल तर माझा नंबर कुणाला सापडत नाही.

वही म्हणजे आत्यांचा जीव की प्राण. साधी शाळकरी वही, मधोमध दोऱ्याने शिवलेली, शहाण्णव पानी. पुढून नियम, मागून अपवाद. नियम एक: नातेवाइकाला खोली देऊ नये. नियम दोन: डिपॉझिट हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नये. नियम पाच: खोलीत धंदा चालवू नये. नियम सहा: प्राणी पाळू नये. नियम बारा: भिंतीला खिळा ठोकू नये. नियम तेरा: गोड बोलणाऱ्याकडून डिपॉझिट जास्त घ्यावं. तीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस म्हणून सांगतो, यातला एक शब्द मी बदलणार नाही. तेरावा सोडून, कारण तो माझी ओळख झाल्यावर लिहिलेला आहे.

मागच्या पानावर आत्यांनी रकाने आखले होते: कोण, कशाची सूट, कारण, मुदत, सही. सूट देताना त्या भाडेकरूच्या कानाशी लागून म्हणायच्या, "हे फक्त तुझ्यापुरतं. वरच्याखालच्याला बोलू नकोस." त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येकाची खात्री होती की आपणच आत्यांचे लाडके, बाकीच्यांकडे त्यांनी नुसती डोळेझाक केलीय.

आज संध्याकाळी पाच वाजता वकील येणार होते. आत्या इमारत भाच्याच्या नावावर करणार होत्या. भाच्याने सुट्टीच्या दिवशी मालमत्तेत गुंतवणूक कशी करावी याचा वर्ग केला होता, आणि तेव्हापासून तो टक्क्यांत बोलायचा. खोलीचं महिन्याचं भाडं तिच्या किमतीच्या एक टक्का हवं, हे त्याने मला जिन्यात भेटल्या भेटल्या सांगितलं होतं. करारात त्याने एक कलम घातलं होतं. वहीत आजपर्यंत लिहिलेले अपवाद तो पाळणार, बाकी सगळ्यांना एक तारखेपासून नियम लागू.

"बाईंना मशीन चालवायची परवानगी आहे," आत्या म्हणाल्या. "बारा वर्षांपूर्वी मीच दिली. मी सांगते ना."

"नियम नऊ तुझाच आहे, आत्या. तोंडी काही मानू नये."

आत्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना उत्तर सुचलं नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

म्हणजे सरळ हिशोब असा झाला: पान सापडलं तर बाई राहणार, नाही सापडलं तर महिनाअखेर त्यांना तीन मशिनी आणि अर्धवट शिवलेले शाळेचे गणवेश घेऊन बाहेर पडावं लागणार. त्यांचं सगळं गिऱ्हाईक याच गल्लीतलं. दुसरीकडे जाऊन पहिल्यापासून सुरुवात करायचं त्यांचं वय राहिलेलं नव्हतं. ही बाई मी इथे आणली होती, त्यामुळे दुसरी खोली शोधायचं कामही माझ्याच गळ्यात येणार होतं.

तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि बाहेरून आवाज आला, "मीटर."

२

मीटरबाई गेली वीस वर्षं या भागातल्या विजेच्या मीटरांचे आकडे घेतात. हातात बॅटरी, खांद्याला झोळी, नाकावर चष्मा. त्यांना घरात बसून काही सांगायची गरज पडत नाही. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं भांडण होऊन कोण माहेरी गेलं, हे सगळं त्यांना युनिटांवरून कळतं. माझ्याच एका गिऱ्हाइकाची खोली आठ महिने रिकामी होती आणि रिकाम्या खोलीचं बिल येत होतं. मीटरबाईंनी आकडा पाहिला आणि म्हणाल्या, आत दुपारी दोन ते पाच पंखा चालतो. मालकाचा जावई तिथे रोज झोपायला येत होता.

मी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि सगळा प्रकार सांगितला. भाच्याने कपाळाला आठ्या घातल्या. त्याच्या मते पोलिसांत जायला हवं होतं, पण वहीच्या एका पानासाठी पोलीस येतील का, हे त्यालाच पटेना. मीटरबाईंनी पाणी मागितलं, ते प्यायल्या आणि वही मांडीवर घेतली.

वही कुठे असते, त्यांनी विचारलं. लोखंडी कपाटात, आणि किल्ली आत्यांच्या कमरेला. पण दुपारी आत्यांचा डोळा लागतो तेव्हा किल्ली उशाशी असते आणि दार उघडं असतं. भाडेकरू येऊन वर्तमानपत्र घेऊन जातात. म्हणजे कुणालाही जमलं असतं. भाच्याने समाधानाने मान हलवली, त्याला कुणावरही संशय घ्यायला आवडलं असतं.

"मीटरशी खेळ करणारा माणूस उघडताना सापडत नाही," मीटरबाई म्हणाल्या. "परत बंद करताना सापडतो. सील लावताना हात आपल्या सवयीने चालतो. मी नेहमी बंद केलेली जागा बघते."

वहीत बंद केलेलं काय असणार, हे मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. अशा वहीत कागद दुमडून घातलेले असतात. शेवटचं पान आणि पहिलं पान हा एकच कागद. इथे मागे फाटलेला कपटासुद्धा नाही, म्हणजे पान घडीपासून अलगद काढलंय. मग त्याच्या जोडीचं, म्हणजे नियम एक ते आठचं पहिलं पान, सुटं होऊन पडायला हवं होतं. त्यांनी पहिलं पान दोन बोटांत धरून ओढलं. पान हललं नाही.

त्यांनी बॅटरी पेटवून घडीत प्रकाश टाकला. वहीचा मूळ दोरा पांढरा होता. पहिल्या पानाच्या कडेला मात्र काळ्या दोऱ्याचे ताजे टाके होते.

खोलीतले सगळे चेहरे एकाच दिशेला वळले. सुईदोऱ्याचं काम या इमारतीत एकच बाई करत होती.

३

बाई उठल्या. रडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांना आला होता राग. त्यांनी वही मीटरबाईंच्या हातातून घेतली, खिडकीशी नेली आणि टाके डोळ्यांजवळ धरले.

"हे मी शिवलंय म्हणता? प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ मारलीय. अशी शिवत बसले तर आत्ताचा शर्ट पुढच्या वर्षी होईल. माझ्यावर चोरीचा आळ घ्या हवा तर, पण हे काम माझं म्हणू नका."

शिवाय, त्या पुढे म्हणाल्या, त्या पानावरच त्यांचं घर उभं होतं. ते कशाला काढतील. मग त्या मशीन चालू ठेवून आल्याचं सांगून खाली निघून गेल्या. मशीन चालू नव्हती. चालू असली की मजल्यावर कंप जाणवतो, हे मलाही माहीत आहे.

मीटरबाईंनी एकेकाला भेटायचं ठरवलं आणि मला बरोबर घेतलं. सुरुवात भाच्यापासून. फायदा त्याचाच होता: नियम शाबूत, अपवाद गायब, मागच्या खोलीला बाजारभावाने भाडं. मला तर तोच पाहिजे होता. पण तो साडेदहाला थेट बँकेतून आला होता आणि तोवर आत्या कपाटापुढे बसून होत्या. त्याच्या आधीच्या भेटीला दोन महिने झाले होते. बॅगेत स्टेपलर होता, सुई नव्हती. वहीतल्या सगळ्या नियमांचे फोटो त्याने दोन महिन्यांपूर्वीच फोनमध्ये घेतले होते. अपवादांचे फोटो का घेतले नाहीत, असं मीटरबाईंनी विचारलं. आत्या म्हणाली, ते हस्तांतराच्या दिवशी बघ, असं तो म्हणाला.

"मला अपवाद मुळात पटत नाहीत," तो म्हणाला. "आमच्या वडिलांनी आयुष्यात कुणाची सवलत घेतली नाही. तेच मी शिकलो."

मीटरबाईंनी हे वाक्य ऐकून चष्मा पुसला. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

मास्तरांची खोली वर. मास्तर म्हणजे नियमांचा भोक्ता. जिन्यात कुणाची चप्पल वाकडी दिसली तरी ते नियमाचा क्रमांक सांगतात. दार त्यांनी अर्धवटच उघडलं. मीटरबाई म्हणाल्या, मीटरची वायर आतून बघायची आहे, आणि आत शिरल्या. भिंतीवर घड्याळ, कॅलेंडर, छत्री, तीन टोप्या, फुलपात्र, फळ्याची पट्टी, दोन प्रमाणपत्रं आणि चष्म्याचं घर लटकत होतं. मी खिळे मोजले. अकरा होते.

मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी कबुली दिली. घड्याळापुरता एक खिळा ठोकायची सूट त्यांना लेखी मिळाली होती. एक. बाकीचे दहा हळूहळू झाले. आज ते पान सगळ्यांसमोर वाचलं जाणार आणि भाचा खिळे बघायला वर येणार, या भीतीने त्यांना आठवडाभर झोप नव्हती.

"पान गेलं तेव्हा मला बरं वाटलं, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण मी ते काढलं नाही. मला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि शिवून कुणाकडून घेणार? खालच्याशी मी बोलत नाही."

खालचा म्हणजे कंपाउंडर. दोन वर्षांपूर्वी त्याने गच्चीत सोडलेल्या कासवाने मास्तरांच्या कुंडीतली सगळी कोथिंबीर खाल्ली होती. तेव्हापासून दोघं जिन्यात समोरासमोर आले की भिंतीकडे बघतात.

"कासव," मीटरबाई म्हणाल्या. "आणि नियम सहा."

४

कंपाउंडर दवाखान्यातून जेवायला घरी आलेला होता. माणूस गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, पण खोटं बोलताना कानाच्या पाळ्या लाल होतात. कासव खिडकीखाली लाकडी खोक्यात होतं आणि आमच्याकडे बघत पालेभाजी चावत होतं. चांगलं भरलेलं, तुकतुकीत कासव.

याला सूट कशी मिळाली, हे विचारल्यावर पाळ्या लाल झाल्या. नऊ वर्षांपूर्वी त्याने आत्यांना सांगितलं होतं की कासव आजारी आहे, फार दिवसांचं नाही. आत्यांना दया आली. त्यांनी मुदतीच्या रकान्यात "कासव असेपर्यंत" असं लिहिलं. कासव किती जगतं हे आत्यांना माहीत नव्हतं आणि कंपाउंडरने सांगितलं नाही. आता ते त्याच्याही नंतर इथे राहील असा रंग दिसत होता.

मीटरबाईंनी काही ठपका ठेवला नाही. झोळी खांद्यावरून काढली. तिचा बंद एका बाजूने उसवला होता. त्या म्हणाल्या, एवढं जरा शिवून द्याल का, खालच्या बाई आज रागात आहेत. कंपाउंडरला मदत करायला आवडतं. त्याने ड्रॉवरमधून वाकडी सुई आणि काळा दोरा काढला आणि खाली मान घालून शिवायला लागला. एक टाका घातला, गाठ मारली, दोरा कापला. दुसरा टाका घातला, गाठ मारली, दोरा कापला.

तिसऱ्या टाक्याला तो थांबला. आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

"दवाखान्यात जखम अशीच शिवतात ना?" मीटरबाईंनी विचारलं. "एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात."

त्याने सुई खाली ठेवली. त्याच्या पाळ्या आता नेहमीच्या रंगाच्या होत्या.

"शिवलं मी," तो म्हणाला. "काढलं नाही. आणि कुणी काढलं ते मला विचारू नका, मी सांगणार नाही."

५

मीटरबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी वरच्या पायरीवर. घड्याळात अडीच वाजले होते आणि खालून मशीनचा आवाज येत नव्हता. मला राहवेना. कंपाउंडरला कुणीतरी वही आणून दिली होती, हे उघड होतं, पण कोणी, ते माझ्या टाळक्यात शिरत नव्हतं.

त्यांनी सावकाश मांडणी केली. पान काढणाऱ्याला अपवाद नको होते, पण नियम जपायचे होते. नुसता चोर असता तर सुटलेलं पहिलं पानसुद्धा खिशात घातलं असतं, नाहीतर तसंच वहीत सरकवून ठेवलं असतं. इथे ते शिवून घ्यायचे कष्ट घेतले. असं कोण करेल? बाई स्वतः शिवतात, त्या दुसऱ्याकडे गेल्याच नसत्या, आणि पान जाण्यात त्यांचंच मरण होतं. मास्तरांना नियम प्यारे, पण कंपाउंडरशी त्यांचं बोलणं नाही. भाच्याकडे नियमांचे फोटो होते, त्याला वही शिवायची गरजच नव्हती, आणि कंपाउंडरला तो ओळखतही नव्हता.

"मग राहिलं कोण?" मी म्हणालो.

त्यांनी शेजारच्या दाराकडे पाहिलं. दार आत्यांचं होतं. आता मला आठवलं की सकाळी भाच्याने नियम नऊ सांगितला तेव्हा आत्यांकडे बोलायला काही नव्हतं. ज्याचं चोरीला गेलं त्याने खरं तर आकाशपाताळ एक करायला हवं होतं.

आत्यांनी आम्हाला बघून नाकारायचा प्रयत्नही केला नाही. काल संध्याकाळी पान काढलं, आणि पहिलं पान सुटून हातात आलं. शेजारी कंपाउंडर होता. त्याला बोलावलं, शिवून घेतलं, आणि काढलेलं पान जाळून टाकायला सांगितलं. बाईंचं काय, याचा विचार त्यांनी केला होता. आपण तोंडाने सांगू आणि भाचा ऐकेल, असं त्यांना वाटलं होतं. आपणच लिहिलेला नववा नियम पोरगं आपल्याच तोंडावर फेकेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी म्हणालो की नवीन पान लिहा, मागची तारीख घाला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय सोडला. मागची तारीख घालायची नाही, हा नियम सोळा होता.

"त्या जुन्या पानावर पहिला अपवाद कुणाचा होता, आत्या?" मीटरबाईंनी विचारलं. "तुम्हाला फक्त तोच लपवायचा होता ना?"

आत्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, माझ्या भावाचा. त्याचा धंदा बुडाला होता. बायको बाळंत झालेली. मी त्याला मागची खोली दिली, भाडं घेतलं नाही. खोली सोडून जाताना त्याने हात धरून शब्द घेतला होता की पोराला हे कधी कळू द्यायचं नाही. बापाने कुणापुढे हात पसरला नाही, असंच त्याला वाटू दे. भाऊ जाऊन आता चार वर्षं झाली. सांगता सांगता आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मीटरबाई म्हणाल्या की आकडा घेणं हे आपलं काम, बिल कुणी भरायचं हे आपण ठरवत नाही. एवढं बोलून त्या उठल्या.

"थांब," आत्या म्हणाल्या. "भावाला मी शब्द दिला होता. पण तोंडी दिला होता." त्यांनी पदर खोचला. "नियम नऊ. पण आता काय उपयोग, पान तर जळालं."

"ज्या कागदावर स्वतःच्या कासवाची सूट आहे, तो कागद तो माणूस जाळेल का?" मीटरबाई म्हणाल्या.

कंपाउंडरने ते पान कासवाच्या खोक्यात, पालेभाजीच्या खाली लपवलं होतं. तिथे कुणी हात घालणार नाही, हा त्याचा हिशोब बरोबर होता. पण पालेभाजी संपल्यावर कासवाने खालचा कोपराही खाल्ला होता. पहिले तीन अपवाद धडधाकट होते. चौथ्यातलं "कासव अ" एवढंच उरलं होतं. प्राण्याने नेमकी स्वतःचीच परवानगी गिळली होती, आणि कंपाउंडर डोकं धरून बसला.

६

आत्यांनी भाच्याला आत बोलावलं आणि पान त्याच्या हातात दिलं. सांगितलं काही नाही. आम्ही बाहेर जायला निघालो तर म्हणाल्या, बसा, लपवाछपवी पुरे झाली.

भाच्याने वाचायला सुरुवात केली ती सवयीप्रमाणे मोठ्याने. "एक. माझा धाकटा भाऊ, त्याची बायको व तान्हं मूल. तळमजला, मागची खोली. सूट: नियम एक व दोन, आणि भाडं घेऊ नये. कारण: धंदा बुडाला. मुदत..." इथे त्याचा आवाज बंद झाला. पुढचं त्याने मनात वाचलं. मी खांद्यावरून पाहिलं: मुदत, पोर चालू लागेपर्यंत. सहीच्या रकान्यात त्याच्या वडिलांची सही होती, आणि ती ओळखायला त्याला चष्मा लागला नाही.

त्याने सहीवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "किती महिने?"

"चौदा," आत्या म्हणाल्या. "तू उशिरा चालायला लागलास."

मला हसू आलं, मी ते दाबलं. भाच्यालाही बहुतेक आलं होतं, पण त्याचा चेहरा दुसरंच काहीतरी करत होता. त्याने पान खाली ठेवलं, खिशातून पेन काढलं आणि जिन्याने खाली निघाला. त्याच्यामागे आत्या, त्यांच्यामागे मीटरबाई, त्यांच्यामागे मी, आणि सगळ्यात वरून कठड्यावरून वाकून मास्तर.

बाईंनी पान सापडायची वाटच पाहिली नव्हती. गणवेशांची गाठोडी बांधून झाली होती. एका मशीनवर चादर गुंडाळलेली होती. भाचा उंबऱ्याशी थांबला आणि आत बघत राहिला. खोली साधीच, खिडकी एक, कोपऱ्यात मोरी, फरशीला मधोमध तडा. तो त्या फरशीकडे बराच वेळ बघत होता.

शेवटी तो म्हणाला की पान सापडलं आहे, त्यावर तुमचा अपवाद आहे, मशिनी राहू द्या.

बाईंचा विश्वास बसला नाही. दिवसभरात त्यांच्यावर चोरीचा आळ आला होता, घर गेलं होतं आणि परत आलं होतं. त्यांनी हात पुसले आणि भाच्याला सरळ सांगितलं, "ते पान आत्यांनी लिहिलेलं. आत्या आजपासून मालक नाहीत. तुम्ही द्याल ते तुमच्या हाताने लिहून द्या. उद्या तुम्हीच म्हणाल, तोंडी होतं."

मीटरबाईंनी झोळीतून आकडे लिहायचा कोरा कागद काढून दिला. भाचा मशीनच्या स्टुलावर बसला आणि आत्यांसारखेच पाच रकाने आखले. कोण, हे लिहिलं. कशाची सूट, हे लिहिलं: नियम पाच. मुदत: बाईंची इच्छा असेल तोवर. सही केली. कारणाचा रकाना मात्र त्याने कोरा सोडला होता.

"कारण राहिलं," बाई म्हणाल्या.

तो पेन धरून बसला. काय लिहायचं याचं उत्तर त्या वर्गात शिकवलेलं नसणार. वडिलांनी जे लपवून ठेवलं ते कागदावर लिहायचं, तेही आम्हा चार परक्या माणसांसमोर, हे त्याला किती जड गेलं असेल ते मी समजू शकतो. आत्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग भाच्याने सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: "मी याच खोलीत चालायला शिकलो."

बाईंनी कागद घेतला, दोनदा वाचला, घडी घालून दोऱ्यांच्या डब्यात ठेवला. मग त्यांनी जमिनीवर बसकण मारली आणि गणवेशाच्या पहिल्या गाठोड्याची गाठ सोडायला घेतली.